वर्णन खरं, नाणं वेगळंच : ऑनलाइन लिलावातली नेहमीची फसगत आणि तिच्यावरचा इलाज

दुखणं असं आहे. लिलावात नाणं दिसतं, वर्णन झकास असतं, आपण बोली लावतो, जिंकतो, पैसे भरतो. आठ दिवसांनी पाकीट येतं. आतलं नाणं खोटं नसतं, पण आपण ज्याचे पैसे भरले ते हे नव्हे, हे पहिल्या नजरेत कळतं. विक्रेत्याला विचारावं तर उत्तर ठरलेलं : "वर्णनात काय खोटं लिहिलंय ते दाखवा." आणि ते दाखवता येत नाही.

मी सांगलीत राहतो, गेली बारा-तेरा वर्षं ब्रिटिशकालीन रुपये आणि शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) जमवतो. वर सांगितलेला प्रकार माझ्याबाबतीत चार वेळा झाला. सपशेल बनावट नाणं मात्र एकदाच पदरात पडलं. म्हणजे निदान माझ्यापुरती तरी खरी पंचाईत खोटं बोलणाऱ्यांची नाही. ती खरं तेवढंच निवडून बोलणाऱ्यांची आहे, आणि तिच्यावरचा इलाजही त्यामुळे वेगळा.

अंगठ्याखाली काय होतं

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया जमवणाऱ्यांना ठाऊक असतो. राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता त्याची सोंड आखूड दिसायची, तो लोकांना डुकरासारखा वाटला, ओरड झाली आणि सरकारनं ती नाणी मागे घेतली. १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ सालाला वेगळा भाव. मला तो किती दिवस हवा होता.

लिलावातलं वर्णन होतं : "१९११ डुक्कर छाप रुपया, अस्सल, चांदी, टोन सुंदर, जुन्या संग्रहातला." (टोन म्हणजे जुन्या चांदीवर चढलेली रंगाची छटा.) तीन फोटो. राजाचा चेहरा, मागची बाजू, आणि एक हातात धरलेला. पहिल्या दोन फोटोंतही नाणं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरलेलं होतं. मला वाटलं, बिचाऱ्याकडे फोटो काढायला धड सोय नाही. साडेतीन हजारांना घेतलं, खुशीत होतो.

नाणं आलं त्याच आठवड्यात मामेसासरे विट्याहून आले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, गलाईवाला हटकून आपल्याकडचा निघतो. मामांची तीस वर्षं तमिळनाडूत मुशीपुढं गेली. त्यांना मी मोठ्या कौतुकानं रुपया दाखवला. त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाणं आडवं धरून कडेवरून नख फिरवलं आणि बाराच्या काट्याच्या जागी थांबले.

"जावईबापू, ह्येला कडी हुती."

"कडी?"

"हारातला रुपया हाय ह्यो. हितं डाक लावल्याली, मग कानस मारून काढलीया. बघा की, दाती गुळगुळीत झाल्यात."

डाक म्हणजे कडी जोडायला वितळवून लावलेला धातू. भिंग घेऊन बघितलं. कडेचे उभे दाते सगळीकडे स्पष्ट, आणि वरच्या बाजूला जेमतेम चार मिलिमीटर जागेत सपाट. तिथंच मुकुटावर एक करडा डाग, वर्णनातल्या सुंदर टोनचं उगमस्थान बहुधा तेच. मग फोटो परत उघडले. तिन्ही फोटोंत अंगठा बरोबर बाराच्या काट्यावर.

अस्सल? होय. चांदी? होय. १९११? होय. जुन्या संग्रहातला? कुणाच्या तरी पणजीच्या गळ्यातला, म्हणजे तेही एका अर्थी होयच. जमवणाऱ्याच्या लेखी कडी काढलेल्या नाण्याची किंमत निम्म्याच्याही खाली येते, आणि हे वर्णनात कुठंही नव्हतं. तक्रार केली. साइटनं म्हटलं, फोटोत आहे तेच नाणं आलंय. माझ्याकडे बोट ठेवायला एक वाक्यही नव्हतं, कारण मी बोलीआधी काहीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून वर्णन वाचताना मी काय लिहिलंय हे नंतर बघतो. आधी काय लिहिलेलं नाही ते बघतो.

न लिहिलेल्या गोष्टी

नाण्याच्या बाबतीत त्या फार नाहीत. वजन ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत. व्यास. धातू, आणि चांदी असेल तर किती टक्के. कडेचा फोटो. नाणं साफ केलंय का, पॉलिश मारलंय का, कडी काढलीय का, भोक बुजवलंय का. टांकसाळीची खूण. यातलं जे गाळलेलं असेल ते विसरून गाळलं असं धरू नका. ज्याच्याकडे ११.६० ग्रॅमचा रुपया आहे तो वजन आनंदानं लिहितो.

हा आकडा कुठून आला? ब्रिटिश रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर जुना एक तोळा. (सराफ हल्ली दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्याच्याशी गल्लत करू नका.) वापरानं झिजून ११.५ वगैरे भरला तर चालतं. ११.२ भरला तर तो फारच झिजलाय, नाहीतर कानस, तेजाब (म्हणजे ॲसिड) किंवा खोटा धातू, यांपैकी काहीतरी घडलेलं आहे.

"चांदीचा रुपया" या दोन शब्दांत केवढी जागा आहे बघा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आणली. वजन तेवढंच, आकार तोच, राजा तोच. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नावाला नाही. १९४० नंतरचे रुपये ओळखायला सोपे, त्यांच्या कडेला दात्यांच्या मधोमध खाच आहे. पण कडेचा फोटो देतो कोण! १९४७ चा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. "व्हाइट मेटल" असं वर्णनात दिसलं की समजा, चांदी हा शब्द लिहिता आला नाही म्हणून तो लिहिलाय. १९३९ चा रुपया फार थोडा बाहेर आला, त्यामुळं शेवटचा आकडा कोरून बदललेले नग फिरत असतात. ते साल दिसलं की आकड्याचा जवळून काढलेला फोटो मागवल्याशिवाय बोटसुद्धा लावू नका.

वाटी, दोरा आणि पाणी

धातूची शंका घरी फेडता येते, नाण्याला ओरखडाही न काढता. कस लावायचा दगड आणि तेजाब सराफाकडे असतो, पण संग्रहातल्या नाण्यावर तो लावू देऊ नका, नाणं कायमचं खराब होतं.

लागतो तो एक छोटा काटा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. ऑनलाइन पाच-सातशेत मिळतो. त्यावर प्लॅस्टिकची हलकी वाटी पाणी घालून ठेवायची (मी पहिल्यांदा स्टीलचा पेला ठेवला, काट्यानं हातच टेकले, त्याची मर्यादा दोनशे ग्रॅम). बटण दाबून काटा शून्यावर आणायचा. नाण्याला शिवणाचा बारीक दोरा बांधायचा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला किंवा बाजूला टेकणार नाही असं लोंबकळत धरायचं. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता.

९१.७ टक्के चांदीच्या पुऱ्या वजनाच्या रुपयाला आकडा १.१३ च्या आसपास येतो, घनता १०.३. पन्नास टक्केवाल्याला १.२२. पितळेवर मुलामा असेल तर १.३५ च्या पुढं. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून आधी नाणं ओलं करून बोटानं हलकेच चोळून घ्या. हात थरथरत असेल तर दोरा चमच्याच्या दांडीला बांधून दांडी दोन डब्यांवर आडवी ठेवा. तीनदा करा, मधला आकडा धरा.

या वाटीनं माझे एकदा पैसे परत आणले. "तोळ्याचा शुद्ध चांदीचा रुपया" अशा वर्णनाचा १९४३ चा नग होता. खरं तर साल बघूनच कळायला हवं होतं, पण दुसऱ्या एका नाण्याबरोबर जोडीनं घेत होतो. यावेळी बोलीआधी साइटच्याच निरोपखिडकीत विचारलं होतं : चांदी ९१.७ टक्के आहे का? उत्तर आलं, "हो सर, पूर्ण शुद्ध." ते एक वाक्य, काट्यावरच्या १.२२ चा फोटो आणि पाकीट उघडतानाचा व्हिडिओ एवढं जोडलं. नऊ दिवसांत पैसे परत. मामांना हा प्रयोग दाखवला तर हसले. म्हणाले, "आमी टंच काढायला मूस पेटवतो, तुमी वाटीभर पाण्यात भागवलं." (टंच म्हणजे धातूची शुद्धता.)

"शिवकालीन"

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणारा शब्द हा. आणि फसतो तो बहुतेक आपल्या भक्तीमुळंच.

शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति". विक्रेता लिहितो, "शिवकालीन शिवराई, साडेतीनशे वर्षं जुनी, महाराजांचं नाव स्पष्ट." महाराजांचं नाव स्पष्ट असतंच, त्यात शंका नाही. पण हे नाव घातलेली शिवराई महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळापासून, म्हणजे १६७४ च्या सुमारापासून, पुढं दीडशे वर्षं पाडली जात होती. शाहू महाराजांच्या काळात, पेशवाईत, निरनिराळ्या टांकसाळींत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीसुद्धा काही काळ पाडली, कारण लोकांना तोच पैसा ओळखीचा होता. "छत्र" आणि "पति" या दोन ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई त्या उत्तरकाळातली, आणि बाजारात ढिगानं मिळते ती हीच. म्हणजे नाण्यावरचं नाव हे नाण्याचं वय नव्हे. पाचशेच्या नोटेवर गांधीजी आहेत म्हणून ती नोट गांधीजींच्या हयातीतली ठरते का?

जुनी शिवराई जाणकार ओळखतात ती अक्षरांच्या वळणावरून आणि कडेच्या टिंबांच्या वर्तुळावरून. "शिव"चं लेखनसुद्धा एकसारखं नाही, "सिव", "सीव" असंही कोरलेलं सापडतं. तेव्हा "शिवकालीन" दिसलं की एकच प्रश्न टाका : "दुदांडी आहे का? नसेल तर कुठला प्रकार, आणि वजन किती?" दहातले सात विक्रेते इथंच गप्प होतात. उरलेल्यांतला एखादा खरा जाणकार निघतो आणि अर्धा तास लिहीत बसतो. त्याच्याकडून घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

सोन्याचा शिवराई होन ऑनलाइन लिलावात वीस हजारांपासून बोली लावून कुणी ठेवला असेल, तर तो खोटा धरायचा, नुसता बघायचा आणि पुढं सरकायचं.

पटकन उरकण्यासारखे काही

"टांकसाळीची खूण नाही, दुर्मिळ एरर." एरर म्हणजे पाडताना चुकलेलं नाणं. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर सालाखाली मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याची खूण नसतेच. खूण नाही म्हणजे नाणं कोलकात्याचं, एवढंच.

"ईस्ट इंडिया कंपनीचा रामदरबार, १८१८." एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, दुसरीकडे कंपनीचं नाव, कधी कधी साल चक्क १६१६. कंपनीनं असं नाणं पाडलेलं नाही. ही हौसेची टोकनं आहेत, देव्हाऱ्यात ठेवा.

"स्टार नोट." क्रमांकात चांदणी म्हणजे छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली नोट. रिझर्व्ह बँक २००६ पासून ती काढते आहे. चांदणीमुळं आपोआप काही दुर्मिळ होत नाही. आणि तुमचं वैष्णोदेवीचं नाणं लाखांना घेतो म्हणून आधी "रिझर्व्ह बँकेची फी" मागणारा भेटला तर फोन ठेवून द्या. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही.

"टाइप", "स्टाईल", "ट्रिब्यूट" यांतला एखादा शब्द शीर्षकात नसतो, वर्णनाच्या शेवटच्या ओळीत असतो. त्याचा मराठी अर्थ : नकल. शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावा.

सीलबंद डबीतलं प्रमाणित नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्या प्रमाणित करणाऱ्या कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा आणि तिथला फोटो जुळवा. डब्याही खोट्या निघतात.

आजोबांची पेटी

हा माझा आवडता प्रकार. "आजोबांच्या पेटीत सापडलं, आम्हाला यातलं काही कळत नाही, जाणकारांनी बोली लावावी." या वाक्यात आमिष कुठं आहे? विक्रेता अडाणी आहे, म्हणजे मी हुशार, म्हणजे घबाड माझंच. मीही या वाक्याला एकदा बळी पडलोय, म्हणून सांगतो : विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारून त्याचे बाकीचे नग बघा. एकाकडे मी त्रेचाळीस नग मोजले. सगळे आजोबांच्या पेटीतले. त्यात मुघल होते, फ्रेंच होते, पोर्तुगीज होते आणि तीन नग एकाच मापाचे, एकाच जागी एकच ओरखडा असलेले. ओतीव नाण्यांचा साचा एक असला की ओरखडाही वारशानं येतो.

"शेत नांगरताना हंडा सापडला" ही त्याचीच थोरली बहीण. ही कहाणी खोटी असेल तर नाणं खोटं. खरी असेल तर आणखी पंचाईत, कारण १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तूत मोडतं, त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. हंड्याची गोष्ट सांगणाऱ्याला मी प्रश्नच विचारत नाही.

बोलीआधीचा निरोप

मी एक मजकूर मोबाइलमध्ये साठवून ठेवलाय, तसाच चिकटवतो :

"नमस्कार. नाण्याचं वजन दोन दशांशांपर्यंत, व्यास आणि धातू कळवाल का? काट्यावर ठेवलेला फोटो, कडेचा फोटो आणि बोटं न लावता सपाट ठेवलेला फोटो हवा. साफ केलंय का, कडी किंवा भोक होतं का, दुरुस्ती आहे का? वर्णनाप्रमाणे नसल्यास परत घ्याल का?"

हा निरोप साइटवरच पाठवायचा. "व्हॉट्सॲपवर या सर, तिकडं जास्त फोटो देतो" म्हणाले तरी जायचं नाही. तिकडं बोललेलं साइट मानत नाही. फोन तर नकोच. फोनवर सगळे विक्रेते देवमाणसं असतात.

बोली लावताना आपला आकडा आधी कागदावर लिहा, आणि त्यात साइटचं कमिशन, जीएसटी आणि टपालखर्च धरा. काही लिलावगृहांचं कमिशनच पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जातं. शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी पन्नास-पन्नासनं चढवत असेल तर तो विक्रेत्याचा मेहुणाही असू शकतो. कागदावरचा आकडा आला की मोबाइल पालथा घालून चहा टाकायला उठा.

तरीही चुकीचं आलं तर

पाकीट उघडण्याआधी व्हिडिओ सुरू करा. पत्ता, सील, मग कात्री, मग नाणं, मग लगेच काटा, एकाच सलग चित्रणात. चोवीस तासांच्या आत साइटवर लेखी तक्रार टाका. तक्रारीत "फसवलं" लिहू नका, त्यावर वाद होतो. "वर्णनात अमुक, विक्रेत्याच्या तमुक तारखेच्या उत्तरात अमुक, प्रत्यक्षात तमुक" एवढंच लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवाडा करायचा असतो. तो आकडा तक्रारीत लिहिला की उत्तरं सुधारतात, हा माझा अनुभव.

तरी हललं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. पुढं जिल्हा ग्राहक आयोग : २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच दावा लावता येतो, विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर वेळ न घालवता १९३०, सायबर फसवणुकीसाठी.

त्या १९११ च्या रुपयाचं सांगायचं राहिलं. दोन वर्षं तो माझ्याकडे पडून होता, मग मीच लिलावात लावला. वर्णन लिहिलं : "बाराच्या काट्याजागी कडी काढल्याची खूण, तिथले दाते घासलेले, मुकुटावर डाकेचा डाग, वजन ११.४८." कडेचा फोटो पहिला टाकला. सतराशेला गेला. घेणाऱ्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

तीन आठवड्यांनी साइट चाळताना एक १९११ दिसला. राजाच्या दाढीखाली आडवा बारीक ओरखडा, माझ्या चांगल्या ओळखीचा. "अस्सल, चांदी, टोन सुंदर." बोली चार हजारांवर होती. अंगठा मात्र दुसऱ्या कुणाचा होता. मी साठवलेला निरोप चिकटवून पाठवला, अजून उत्तर नाही.